कोशिंबिरीचा आग्रह

घरच्या पंगतीत वाढणाऱ्यांची एक उतरंड असते. सगळ्यांत लहान पोराच्या हाती मीठ. ते फार सांडलं नाही तर पुढच्या सणाला लिंबाच्या फोडी. मिसरूड फुटलं की चटणी-कोशिंबीर. आवाज फुटून बसला की भाजी आणि आमटी. लग्न झालं, नोकरी टिकली आणि पातेलं धरताना हात कापत नाही अशी थोरल्यांची खात्री पटली, की वरण-भात. तूप घरची कर्ती बाई स्वतः वाढणार. आणि जिलबीचं ताट किंवा पुरणपोळ्यांची चळत जाते ती ज्याचं ‘अहो, घ्या हो!’ शेजारच्या वाड्यात ऐकू जातं अशा माणसाकडे. माझी पन्नाशी उलटली, आणि मी अजून कोशिंबिरीवरच आहे.

यात कोणी अन्याय केलेला नाही. जिलबी वाढायला जो गळा लागतो तो मला नाही. समोरचा ‘नको’ म्हणाला की मी पुढे सरकतो, आणि गोड वाढणाऱ्याच्या अंगी असला दोष चालत नाही. कोशिंबिरीला मात्र असाच माणूस हवा, असं घराण्यात पूर्वापार ठरलेलं दिसतं. एक फायदा असा, की कोशिंबीर वाढणारा पानावर पुरता वाकलेला असतो, आणि लोकांनी काय टाकलं, काय चाटूनपुसून खाल्लं, हे तिथून फार स्वच्छ दिसतं.

पंगतीतल्या ‘नको’चे प्रकार तिथूनच शिकलो. पहिला ‘नको’ शिष्टाचाराचा. तो वाढणाऱ्याने ऐकायचाच नसतो. दुसरा म्हणजे ‘एवढी मोठी नको, पण असू दे’. तिसऱ्या वेळी माणूस पानावर आडवा हात धरतो, तेव्हा त्याच्या बोटांमधून जिलबी आत सरकवायची असते. चौथ्या वेळी तो डॉक्टरांचं नाव घेतो. मग ‘सणाच्या दिवशी डॉक्टरसुद्धा खातात’ असं त्याला ऐकवलं जातं, कोणीतरी कोणाची तरी शपथ घालतं, आणि जिलबी पानात पडते. ही सगळी लढाई गोडासाठी. कोशिंबिरीचा पहिला ‘नको’ हाच शेवटचा. मी वाकतो, समोरचा ‘बस, बस’ म्हणतो, मी सरकतो. पडवळाच्या भाजीसाठी कोणी कोणाला शपथ घातल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पैजेवर जिलब्या हाणून नाव काढलेले पुरुष प्रत्येक घराण्यात निघतात. मुळ्याच्या कोशिंबिरीवर नाव काढलेला एकही नाही.

त्यामुळे सण जवळ आला की घरोघर निघणारा ‘या वेळी भाज्या जरा हेल्दी करू या’ हा विषय ऐकला, की मी मनातल्या मनात डोकं हलवतो. काय करायचं ते आपल्याला ठाऊक आहे. पाककृतींची तर आपल्याकडे कधीच वाण नव्हती. लक्ष्मीबाई धुरंधरांनी 1910 साली ‘गृहिणी-मित्र’ काढलं, त्याच्या नावातच हजार पाकक्रिया होत्या. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने घराघरांत पोचली. भाजी कशी करावी हे छापून झालेलं आहे. ती कशी खपवावी, हे कोणी छापलेलं नाही. आपल्या सणाच्या जेवणात उणीव आहे ती आग्रहाची. म्हणजे आग्रह रग्गड आहे, पण तो सगळा ताटाच्या एकाच भागावर खर्च होतो.

ताटाची मांडणीच पाहा. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटण्या, कोशिंबिरी, लोणचं, खाली पापड-कुरडया आणि भजी. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, वरण, तूप, पोळ्या-पुऱ्या आणि दिवसाचं मुख्य दैवत म्हणजे गोड. ज्यांनी ही मांडणी बसवली त्यांना जेवणातलं कळत होतं. जड घासानंतर जीभ जागी करायला आंबट, तुरट, तिखट, करकरीत असं सगळं एका बाजूला हाताशी ठेवलेलं. घोळ झाला तो मापात. उजवीकडे डावाने वाढायचं, मध्ये हात सैल सोडायचा, आणि डावीकडे मात्र चमच्याच्या टोकावर राहील तेवढंच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक सूत्रं नव्याने प्रसिद्ध केली. त्यांत दोन हजार कॅलरींच्या दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. फळं-भाज्या मिळून ताटाचा अर्धा भाग भरावा, असाही सल्ला आहे. मी सणाच्या दिवशी एका पानात जेवढी कोशिंबीर वाढतो तेवढी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर काट्याला तिची दखलही घ्यावीशी वाटणार नाही. शास्त्राला अर्धं ताट हवं आहे. आपण ठिपका देतो. त्या ठिपक्यावरही पापड येऊन पडतो.

खरी गंमत अशी, की भाज्यांच्या बाबतीत आपलं पंचांग पोषण संस्थेहून कडक आहे. गणपतीत पहिल्या दिवशी मोदक खाऊन घर सुस्तावलं की दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, असा त्या दिवशीचा नेम. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य बाद. परसात, हाताने लावलेलं आणि आपसूक उगवलेलं तेवढं चालणार. मग कोकणात एका मोठ्या पातेल्यात अळूची पानं नि देठं, लाल माठाचे जाड देठ, पडवळ, दोडका, भेंडी, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे असा सगळा गाव जमतो. बहुतेक घरी फोडणी नाही, मसाला नाही. मीठ, मिरची, चिंचेचा कोळ आणि वरून ओलं खोबरं. आदल्या दिवशी तुपात बुडवलेले मोदक आणि लगेच हे! ज्याने कोणी हे दोन दिवस एकापाठोपाठ ठेवले तो नुसता भाविक नसावा. त्याला पोटाचाही अनुभव असावा.

या भाजीत ऋषींनी उभ्या आयुष्यात न पाहिलेल्या वस्तू पडतात, हे कोणी मनावर घेत नाही. मका, लाल भोपळा आणि मिरची ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे 1492 साली गेला, त्यानंतर ती इकडे आली. तरी आज मक्याच्या तुकड्याशिवाय ऋषीची भाजी ही ऋषीची वाटत नाही. मला परंपरेचा हा स्वभाव फार आवडतो. तोंडाने ती ‘पूर्वीपासून असंच’ म्हणते आणि हाताने नवं कणीस पातेल्यात टाकते. म्हणून घरातल्या तरुण मंडळींनी उद्या त्यात ब्रोकोली टाकली, तर शंभरेक वर्षांनी तीही पूर्वीपासूनचीच होईल. तेवढा धीर मात्र ब्रोकोलीने धरायला हवा.

ऋषिपंचमीनंतर गौरी. पहिल्या संध्याकाळी त्यांना पालेभाजी आणि भाकरी. माहेरवाशीण प्रवासातून आलेली, तिला हलकं जेवण. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. विदर्भ-मराठवाड्यात याच महालक्ष्म्या, आणि तिथे नैवेद्याला सोळा भाज्या, शिवाय कोशिंबिरी, चटण्या आणि ज्वारीची आंबील. सोळा भाज्या घरोघर मिळवणं जड जातं म्हणून बाजारात त्यांचे मिसळून वाटे मिळतात. देवीच्या पानात सोळाच्या सोळा पडतात. मग पान उचलून मंडळी जेवायला बसतात, आणि आपल्या पानात त्या सोळांतला फक्त बटाटा उठून दिसतो. देवीला दाखवायचं ते पौष्टिक, आपण खायचं ते चविष्ट, अशी ही सोयीची वाटणी. देवी बोलत नाही, म्हणून निभावतं.

गोव्यात चतुर्थीला खतखतं करतात. कांदा-लसूण नाही, तुरीची डाळ, खोबरं, तिरफळ आणि हाताला लागतील तितक्या भाज्या: रताळं, सुरण, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कणसं. तिथल्या गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, तिच्यात मोसमातली फळं, रानफळं, काकड्या, तोरिंजनं टांगतात. बाप्पाच्या नजरेसमोर मोदक आणि डोक्यावर भाजीबाजार, ही योजना मला समतोल वाटते.

पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठी. चातुर्मास पाळणारी घरं आषाढात कांदेनवमीला कांदा-वांग्यांचा शेवटचा समाचार घेतात. नंतर वांगं जे रजेवर जातं ते खंडोबाच्या नैवेद्याला भरीत आणि बाजरीच्या रोडग्याबरोबर रुजू होतं. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ अशी सरळ धमकीच आहे. इतकं रोखठोक वाक्य लिहायला पोषण संस्थेची छाती होणार नाही. वांगी, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, बोरं, उसाची कांडी, तिळाचं कूट, शेंगदाणे. कुठे तिला खेंगट म्हणतात, कुठे लेकुरवाळी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. जानेवारीच्या थंडीत शेतात जे जे आहे ते एका पातेल्यात आणायचं, एवढीच त्यामागची युक्ती. न्यू जर्सीतली मराठी घरं याच दिवशी फ्रीझरमधली सुरती पापडी आणि तुरीचे दाणे काढून भोगी साजरी करतात. शेत बर्फाखाली असलं तरी धमकी तिथवर पोचते.

या सगळ्यात एक सण मात्र भाजीला उभं करत नाही. दिवाळीच्या फराळात चकली, शेव, चिवडा, करंज्या, अनारसे, शंकरपाळे. हिरवं म्हणावं तर चिवड्यातला कढीपत्ता, तोही खाणारे बाजूला काढतात. काकडी-भोपळ्याच्या कुळातलं एकच फळ त्या दिवसांत मानाने घरात येतं, ते कारिट. आणि नरकचतुर्दशीला पहाटे अंघोळ झाली की आपण ते पायाच्या अंगठ्याखाली फोडतो.

म्हणजे योजना चोख आहे. मग सणाची भाजी बिघडली कुठे? माझ्या वाकलेल्या जागेवरून मला दोन वाटा दिसल्या. पहिली वाट मानाची. भाजीला सणाचा दर्जा द्यायचा म्हणून तिच्यात काजूची पेस्ट, पनीर, साय, वर किसलेलं चीज. तोंडलीसारखी साधी बाई अचानक शालू नेसून आल्यावर ओळखू येत नाही, तसं होतं. जेवणारा म्हणतो, ‘ग्रेव्ही छान आहे’, आणि तोंडल्यांचे तुकडे तसेच ठेवतो. असल्या भाजीनंतर बासुंदी पचवायची म्हणजे बासुंदीवरच बासुंदी.

दुसरी वाट गुणांची, आणि ती अधिक घातक. माझी भाची बंगळुरूहून सणाला येते. हुशार, प्रेमळ, आणि घरातल्या सगळ्यांच्या कमरेची काळजी वाहणारी. तिने एकदा काचेच्या वाडग्यात किनोआ, काकडी, ढोबळी मिरची आणि ऑलिव्हचं तेल असं सुंदर प्रकरण मांडलं आणि सर्वांना ओळख करून दिली: ‘यात फायबर आहे, प्रोटीन आहे, ग्लुटेन नाही, साखर नाही.’ थोरल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मीठ आहे का गं?’ मीठ होतं. पण तेवढ्यात किनोआच्या नशिबाचा निकाल लागला होता. जो पदार्थ स्वतःचे गुण सांगत पानाजवळ येतो, त्याच्याविषयी माणसाला आपोआप शंका येते.

पुढे कळलं, की हे काकांचं खास वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या खाणावळीत संशोधकांनी एकाच पद्धतीने केलेल्या भाज्या वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पाट्या लावून ठेवल्या. कधी नुसतं भाजीचं नाव, कधी ‘आरोग्यदायी’ थाटाची पाटी, कधी तोंडाला पाणी सुटेल अशी. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चटकदार पाटीच्या दिवशी भाजी घेणारे साध्या पाटीपेक्षा 25 टक्के जास्त निघाले. आणि ‘यात अमुक नाही, तमुक कमी’ अशा पथ्याच्या पाटीपेक्षा 41 टक्के जास्त. भाजी तीच, तेल तेवढंच, मीठ तेवढंच. आपल्या आज्यांनी हा प्रयोग न करताच निष्कर्ष काढून ठेवला होता. नाहीतर काकडीसारख्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असलेल्या वस्तूला ‘खमंग काकडी’ म्हणून पानात बसवायची हिंमत कोणाला झाली असती?

आमच्या घरी भाज्यांचं खातं वहिनींकडे आहे. त्या शास्त्राचे शब्द तोंडात येऊ देत नाहीत, पण गेल्या काही वर्षांत त्यांनी कोणाला कळू न देता सणाचं ताट बरंच हलकं केलं आहे. मी वाढणारा, म्हणून मला कळलं. अळूवडीचे उंडे पूर्वीसारखेच वाफवतात, पण मग कापून तेलाच्या कढईत सोडण्याऐवजी त्यांवर तीळ-मोहरीची फोडणी घालून ओलं खोबरं पेरतात. बेसन पातळ लावतात, त्यामुळे पानाची चव लागते. मसालेभातात तोंडली शोधावी लागत नाहीत. आता थोडा भातच शोधावा लागतो. बटाट्याच्या पिवळ्या भाजीत निम्मी फरसबी असते. बटाटा काढलेला नाही. ‘बटाटा काढला तर घरात बंड होईल, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘त्याला सोबत दिली की तो गप्प बसतो.’

कोशिंबिरीच्या बाबतीत त्यांचा दंडक कडक आहे: मीठ ऐनवेळी. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं, मग ती पिळावी लागते आणि पाण्याबरोबर बरंच काही मोरीत जातं. एखाद्या वेळी चोचवलेली काकडी पिळावीच लागली, तर ते पाणी त्या संध्याकाळच्या थालीपिठाच्या पिठात घालतात. लाल भोपळ्याचं भरीत त्या दह्यात करतात आणि त्यात फेसलेली मोहरी घालतात. ती नाकात गेली की माणूस घटकाभर पुरणपोळी विसरतो. गोडाला टक्कर द्यायची तर आंबट-तिखटाने द्यावी, असं त्यांचं धोरण आहे. फिकेपणाने दिलेली टक्कर पहिल्या घासातच हरते.

फोडणीवर मात्र त्यांनी बंदी घातलेली नाही, आणि इथे शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. गाजर, भोपळा, पालेभाज्या यांतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतो. म्हणजे चमचाभर तुपात जिरं तडतडवून गाजराच्या कोशिंबिरीवर ओतणं हा चैनीचा भाग नाही. लिंबाच्या फोडीचंही तसंच. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि लिंबू पिळलं की ती मिळते. सगळ्या पंगतीत मीठ वाढणाऱ्या पोराच्या मागोमाग येणारी ती फोड, जी आपण बहुतेक वेळा तशीच पानात सुकू देतो, ती अशी कामाची निघाली. अळूच्या फदफद्यात आंबट चुका किंवा चिंच पडते ती घशाला खाज येऊ नये म्हणून. चव हा त्यावरचा नफा. दाणे, हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे काप, मुळ्याच्या चकत्या यांनी भरलेलं ते पातळ, हिरवं, दिसायला अगदीच बेताचं प्रकरण खरं तर पूर्ण जेवण आहे. रूपाने मार खाल्लेल्या पदार्थांत त्याचा नंबर फार वर लागेल.

आणखी एक गोष्ट मला वाढता वाढता पटली. पंगतीत डावी बाजू सर्वांत आधी वाढली जाते. भात, पोळी, गोड मागून येतं. तोवर माणूस हात जोडून, श्लोकाची वाट बघत, भुकेला बसलेला असतो. भाज्या आणि डाळी आधी आणि भात-पोळीसारखे पिठूळ पदार्थ नंतर, या क्रमाने जेवलं तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणजे मधुमेहाच्या कुळातल्या आपल्यासारख्या लोकांनी पंगतीचा क्रम नुसता शब्दशः पाळला, तरी पुष्कळ साधेल. भूक सर्वांत जास्त असते तेव्हा समोर कोशिंबीर असते, यापेक्षा मोक्याची वेळ तिला कुठून मिळणार? पण आपण तिला ठिपका देतो आणि जिलबीच्या दिशेने मान वळवून बसतो.

गेल्या गौरींना वहिनींनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि डाव दिला. प्रत्येक पानात कोशिंबिरीसाठी वेगळी वाटी ठेवली होती. वाटी ही मोठी धूर्त वस्तू आहे. पानावरचा ठिपका ठिपकाच राहिला तरी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. वाटी अर्धी राहिली तर वाढणाऱ्यालाही वाईट वाटतं आणि खाणाऱ्यालाही. ‘आता नुसतं सरकायचं नाही, भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘आग्रह करायचा.’

मी केला. तेव्हा ध्यानात आलं, की भाजीचा आग्रह करायला आपल्याकडे वाक्यंच नाहीत. ‘एक घ्याच’ जिलबीला शोभतं. भरीत एक कसं घेणार? ‘माझ्या हातची आहे’ म्हणावं, तर माझ्या हातची नव्हती. ‘तब्येतीला चांगली’ म्हणावं, तर किनोआची गत. ‘नुसती मोहरी बघा, नाकात जाईल,’ असं मी घाबरत घाबरत थोरल्या काकांना म्हणालो. काकांनी माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं, कारण मी पंगतीत बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग एक घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, आणि वाटी पुढे केली. पोरंही मग कोणाच्या नाकात जास्त जाते हे बघायला पुढे सरसावली. पातेलं रिकामं झालं, हे खरं. पुरणपोळ्याही तेवढ्याच संपल्या, हेही खरं. हा विजय संपूर्ण नव्हता, पण दोन्ही आघाड्यांवर नव्हे तरी एका आघाडीवर होता.

मंडळींना नाव घ्यायचा आग्रह झाला, तेव्हा वहिनींनी दादांकडे बघून घेतलं: ‘अळूच्या भाजीत घातला आंबट चुका, …राव, दुसऱ्यांदा वाढताना नको म्हणू नका.’ दादांची पंचाईत झाली. श्रीखंडाचं आणि जिलबीचं नाव गुंफलेले उखाणे त्यांनी आजवर हसून ऐकले होते. अळूच्या उखाण्याला काय करायचं असतं ते कोणाला ठाऊक नव्हतं. चार घरांच्या माणसांदेखत त्यांना अळू दुसऱ्यांदा घ्यावं लागलं, आणि आवडलंही. मात्र ते आवडलं हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे हे खातं रीतसर सुरू आहे. पडवळाला ‘जवळ’ जुळलं आहे, भोपळ्याला ‘मोकळ्या’ म्हणून भाचीने बंगळुरूहून पाठवलं आहे, सुरणाला ‘पुरण’ इतकं आयतं मिळालं की जरा संशयच येतो. शेपूसाठी मात्र यमक आणि खाणारा, दोघांचाही शोध चालू आहे.